पाण्याची जागा

संगमेशनं आपला इस्त्रीचा शर्ट अंगणातल्या दोरीवर वाळत घातला.

"कोरडा शर्ट कोण वाळत घालतं मालक?" शिवबाई दारातून म्हणाली. "भिजवायला पाणी तरी कुटं हाय म्हणा."

शिवबाई या घरातली बारा वर्षांची भाडेकरू. वारशानं मिळालेल्या घरात वारस स्वतः राहत असेल तर करात सवलत होती. भाडेकरू असेल तर पूर्ण कर. आज तपासनीस येणार होते. सवलत गेली तर भाडं वाढवावं लागेल, असं संगमेशनं सांगितलं होतं. टॉवेलांच्या कडा शिवून पोट भरणाऱ्या बाईला ते कुठलं परवडायला! तिनं मुकाट्यानं शिलाई मशीन शेजारच्या बसम्माकडं हलवली होती. आता तीही तिकडं निघून गेली.

संगमेश खिडकीखालच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. इथं आईचे पाण्याचे हंडे असायचे. गिरणीतली रात्रपाळी करून आलेले वडील, गुरुबसप्पा, हंड्यांना पाठ टेकून चहा प्यायचे आणि आईशी कानडीत हळू काहीतरी बोलायचे. ते ऐकत पडून राहण्यात जे सुख होतं, ते आता तो राहत होता त्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये काही केल्या सापडलं नव्हतं.

तपासनीस कुंडलिकराव आले. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी दोरीवरचा शर्ट पाहिला, खोली पाहिली.

"तुम्हीच राहता ना इथं?"

"व्हय. जन्मच हितला माझा."

"पाणी कधी येतं इकडं? बहिणीसाठी याच भागात खोली बघतोय."

"पहाटेच्या भोंग्याला," संगमेश चटकन म्हणाला. गिरणी बंद पडून तीस वर्षं होत आली होती.

कुंडलिकरावांचं पेन थांबलं. "आमचेही वडील त्याच भोंग्याला उठायचे," ते म्हणाले.

तेवढ्यात अंगणातला नळ फुसफुसला. पाच दिवसांनी पाणी आलं होतं. शेजारून शिवबाई धावत आली, दारामागची नळी काढून नळाला बसवली, दुसरं टोक हंड्यात सोडलं. मग तिला समोर उभे असलेले तपासनीस दिसले. तिनं जीभ चावली.

"मी शेजारची हाय," ती म्हणाली.

"भरून घ्या पाणी," कुंडलिकराव म्हणाले. मग संगमेशकडं वळले. "काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहितो."

संगमेशनं दोरीवरचा शर्ट काढून खांद्यावर टाकला.

"भाडेकरू राहतात, असं लिहा."

कुंडलिकराव लिहून निघून गेले. शिवबाईचा चेहरा पडला होता.

"मग भाडं...?"

"हाय तेवढंच. कर माझा मी भरतो."

हंडा भरला होता. संगमेशनं तो उचलला आणि आत नेऊन खिडकीखाली ठेवला.

"तितं नको मालक," शिवबाई मागून म्हणाली. "तितं माझी मशीन असती."

संगमेश क्षणभर वाकलेलाच राहिला. मग त्यानं हंडा पुन्हा उचलला.

"कुटं ठेवू?" त्यानं विचारलं.