चौथी जागा आणि माझी पांढरी रेष

मित्रांनो, मला डबडं म्हणा, खटारा म्हणा, मी मनावर घेत नाही. मैदानावर रेषा आखणारी मी एक म्हातारी गाडी. पत्र्याचं पोट, लोखंडी दांडा आणि चार लहान चाकं, एवढाच माझा संसार. पोटात चुन्याची पांढरी पूड भरायची, जिला मैदानावर सगळे फक्की म्हणतात, आणि मला ढकलत न्यायचं. मी जाईन तिथे रेष उमटते. चुना लावणं या शब्दांचा लोक भलताच अर्थ घेतात. मी जन्मभर चुनाच लावला, पण फसवलं कुणालाही नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. पाण्याच्या टाकीचा उरलेला पत्रा वाकवून त्याने मला घडवलं. घाईघाईत माझं एक चाक जरा तिरकं बसलं, त्यामुळे मी डावीकडे ओढ घेते. दुसऱ्या कुणी मला भंगारात काढलं असतं. पण मी ज्यांच्या हाती पडले ते चिवट होते. एका मुलींच्या फुटबॉल क्लबचं मैदान ते सांभाळायचे. सगळा क्लब त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणते. मामा डाव्या हाताने मला जरा जास्त रेटायला शिकले आणि माझी रेष सुतासारखी सरळ येऊ लागली. बाहेरचे संघ आले की त्यांची माणसं रेषेकडे बघून मान डोलवायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मामांची मुलगी याच क्लबात डावीकडच्या बचावात खेळायची. ती उंच, म्हणून तिचं नाव शिडी पडलं होतं. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला की तो दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकतात. शिडीचा असा थ्रो सगळ्यांत लांब जायचा, पण गोलसमोर पोहोचायच्या थोडा आधीच पडायचा. ‘आमच्या शिडीला एक पायरी कमी आहे,’ असं मैत्रिणी चिडवायच्या. ती हसायची, आणि सराव संपला की एकटीच भिंतीवर चेंडू फेकत बसायची.

आमच्या साखळी स्पर्धेत पहिल्या चार संघांना पुढच्या हंगामात वरच्या गटात जागा मिळते. आमचा क्लब वर्षानुवर्षं पाचवा नाहीतर सहावा. दारापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्या वर्षी मात्र मुली इरेला पेटल्या. शेवटचा सामना उरला तेव्हा नदीपलीकडचा क्लब चौथा होता आणि आमचा पाचवा, एकाच गुणाने मागे. सामनाही त्यांच्याशीच होता, आणि आमच्या मैदानावर. जिंकलो तर चौथी जागा आमची. बरोबरी झाली तरी त्यांची.

मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. वरच्या गटात कृत्रिम गवताचं मैदान लागतं, आणि त्यात रेषा विणलेल्याच असतात. तिथे फक्कीचं काही काम नाही. शिडीला हे कळलं तेव्हा मी दोघांच्या मध्येच उभी होते.

“मग गाडीचं काय, बाबा?” तिने विचारलं.

“आधी जिंका तर खरं. गाडीचं मग बघू,” मामा म्हणाले.

मला जरा लागलं, पण बोलणं पटलं. घरची मुलगी पुढे निघाली असताना तिचा पाय ओढणारी मी नव्हे.

सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपवून मुली घरी गेल्या आणि प्रशिक्षक मॅडम मामांकडे आल्या.

“मामा, मैदान थोडं आवळायचं आहे.”

“आवळायचं म्हणजे?”

“कडेच्या दोन्ही रेषा आत घ्यायच्या. त्यांची सात नंबरवाली कडेकडेने पळते. तिला पळायला जागाच ठेवायची नाही.”

“नियमात बसतं ना? नाहीतर उद्या माझ्या गळ्यात यायचं.”

“बसतं. रुंदी थोडी कमी-जास्त चालते, मी विचारून घेतलंय.”

मामांनी जुन्या रेषा झाडूने आणि पाण्याने पुसल्या. दोरी ताणून मोजमाप घेतलं, आणि उजेड होता तोवर आम्ही दोघांनी नव्या रेषा आखल्या. इतक्या देखण्या रेषा मी आयुष्यात काढल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पंचांनी टेप लावून तपासलं आणि ठीक आहे म्हणून टेप गुंडाळली. मॅडमनी मुलींना बदल सांगितला. मुलींनी माना हलवल्या. पण नव्या रेषांवर एकदा तरी पळून बघावं, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मामांनी मला कुंपणाजवळ, आमच्या बाकाच्या मागे उभं केलं, म्हणून मला सगळं दिसत होतं. सामना सुरू झाला आणि विपरीतच घडू लागलं. नदीपलीकडच्या मुलींना मैदान नवं होतं, त्या रेष बघून खेळत होत्या. आमच्या मुली वर्षानुवर्षं इथेच पळालेल्या. रेष कुठे असते ते त्यांच्या पायांना पाठ होतं, आणि पायांना बदल कुणी सांगितलाच नव्हता. चेंडू घेऊन आमची मुलगी कडेला जायची, अजून जागा आहे अशा समजुतीने पुढे टाकायची, आणि शिट्टी वाजायची. शिडी तर एकदा चेंडूसकट रेषेबाहेर जाऊनही खुशाल पळतच राहिली. त्यांनी चटकन थ्रो घेतला, शिडी परत फिरेपर्यंत सात नंबरवाली मोकळ्या जागेतून आत शिरली आणि गोल झाला.

मध्यंतराला मुली बाकापाशी येऊन बसल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“बाबा, रेष कुठे नेऊन ठेवलीत?” शिडी धापा टाकत म्हणाली.

“सांगितली तिथे,” मामा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

“त्यांच्यावर कशाला ओरडतेस? माझंच चुकलं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला यावर खेळवून बघायला हवं होतं. आता रेष काही हलत नाही. काय करायचं ते बोला.”

शिडीने रेषेकडे बघितलं. मग गोलकडे बघितलं आणि पुन्हा रेषेकडे.

“मॅडम, रेष आत आली म्हणजे मीही गोलच्या जवळ आले. माझा थ्रो आता पोहोचेल.”

कर्णधार पहिल्यांदाच हसली. “म्हणजे शिडीला पायरी मिळाली म्हण की.”

मग ठरलं. कडेने पळायचं नाही. चेंडू त्यांच्या पायाला लागून बाहेर जाईल असं बघायचं, आणि पुढचं काम शिडीचं. ती फेकायला मागे सरकली की माझ्या इतकी जवळ यायची की तिचा श्वास मला ऐकू येत होता. दुसरा की तिसरा थ्रो थेट गोलच्या तोंडाशी पडला आणि कर्णधाराने डोक्याने तो आत घातला. बरोबरी झाली. पण बरोबरी आमच्या कामाची नव्हती.

वेळ संपत आली तेव्हा शिडीला आणखी एक थ्रो मिळाला. मामा माझा दांडा घट्ट धरून उभे होते. हा गोल झाला तर मला घरी बसावं लागणार, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी मनातल्या मनात म्हणत होते, फेक पोरी, जोर लावून फेक.

तिने फेकला. गोलसमोर एकच झुंबड उडाली, चेंडू कर्णधाराच्या गुडघ्याला लागून आत गेला, आणि त्यांच्या गोलरक्षक मुलीने झेप घेऊन तो बाहेर ओढला. आमच्या मुली हात वर करून नाचू लागल्या, त्यांच्या मुली माना हलवून नाही नाही म्हणू लागल्या. पंच गोलरेषेच्या टोकाशी उभ्या असलेल्या आपल्या साहाय्यकाकडे धावले.

“पूर्ण आत होता,” साहाय्यक म्हणाला. “रेष आणि चेंडू यांच्या मधलं गवत मला दिसलं.”

मित्रांनो, गोलची ती रेषही मीच आखलेली. ती फिकट असती, फिसकटलेली असती, तर त्याला ते हिरवं गवत दिसलं नसतं. मैदानात मुलींनी बाजी मारली, पण त्या बाजीला साक्ष माझी होती. एवढा तोरा मला शोभतो.

चौथी जागा मिळाली. मामा लहान मुलासारखे रडले, आणि त्या आनंदात माझं पोट रिकामं करायचं विसरले. पुढे कृत्रिम गवत आलं आणि मी सामानाच्या खोलीत गेले. पोटातल्या फक्कीने ओल धरली आणि तिचा दगड झाला. माझ्यावर कुणी फाटक्या जाळ्या टाकल्या, कुणी रिकामे डबे ठेवले. पूर्वी मान डोलवणारं कुणी तिकडे फिरकलं नाही. ते दिवस वाईट होते, पण आपण काय आखलं होतं ते मी विसरले नाही.

एका सकाळी दार उघडलं. शिडी आली होती. मैदानामागच्या मोकळ्या जागेत ती आता लहान मुलींना शिकवते. तिने आणि मामांनी छिन्नीने माझ्या पोटातला दगड खरवडून काढला, चाकांना तेल दिलं आणि नवी फक्की भरली. तिची पहिली रेष अर्थातच डावीकडे गेली.

“डाव्या हाताने रेट,” मामा म्हणाले.

तिने ती रेष पुसली आणि पुन्हा आखली. मग लहान मुलींना हाक मारून म्हणाली, “चेंडूला हात नंतर लावायचा. आधी या रेषेच्या कडेकडेने सगळ्याजणी दोन फेऱ्या पळून या.”

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या मैदानावर माझ्यासारखी कुणी असेल, तर सामना जिंका नाहीतर हरा, घरी जाण्याआधी तिचं पोट रिकामं करा.