रंगसूचना मी वाचते

मला या प्रकाराची शिसारी आली आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच तोंड वाकडं करून बोलते.

आमची नाटक कंपनी नवीन संहिता लोकांपुढे वाचते. फुकट. रविवारी सकाळी अकराला, फर्निचरच्या दुकानावरच्या तालमीच्या हॉलमध्ये. नट खुर्च्यांवर बसून हातातल्या कागदांवरून संवाद वाचतात, आणि मधल्या रंगसूचना, म्हणजे कोण उठतं, कोण दार लावतं, त्या मी वाचते. बावीस वर्षं वाचतेय. सूर लावायचा नाही, सपाट वाचायचं, बस्स. वाचन संपलं की लोकांना कार्डं वाटतात. त्यावर नाव न घालता मत लिहायचं. दिग्दर्शक ती मोठ्यानं वाचतो, चर्चा होते, आणि हे सगळं संपेपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही. नुसतं वहीत लिहून घ्यायचं. हा आमच्याकडचा नियम, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान!

ऐकायला येतं कोण? ज्यांना घरी कुणी विचारत नाही ती माणसं. एक मफलरवाले काका तर भर उन्हाळ्यातही मफलर गुंडाळून येतात. पंख्याखालची खुर्ची पकडायची, पहिल्या अंकात डुलक्या काढायच्या आणि दुसऱ्यात काय चुकलं ते सगळ्यांच्या आधी सांगायचं. चहा मात्र दोनदा.

या खेपेची संहिता माझ्या धाकट्या भावाची होती. अंथरुणाला खिळलेला बाप, त्याची बायको, आणि नोकरी सांभाळून बापाचं सगळं करणारी मुलगी. मुलगा परगावी, फोनवर. म्हणजे आमचंच घर. बाबांना झटका आला तेव्हा आईची कंबर आधीच गेलेली. हागणंमुतणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमा, सगळं मी केलं. साडेचार वर्षं. भाऊ दोनदा आला, दोन्ही वेळा परतीचं तिकीट काढूनच आला. त्या दिवसांबद्दल घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून ती संहिता हातात आली आणि रंगसूचनेत वाचलं, 'मुलगी कोमट पाण्यात फडकं पिळते, बापाची पाठ पुसते, जखमेपाशी हात हलका करते', तेव्हा मी स्वयंपाकघरात मटकन खालीच बसले. म्हटलं, याला दिसलं होतं तर! एवढं नाटकात राहू दे, बाकी काही नको मला.

पहिल्या वाचनाला ते मी सपाट सुरात वाचलं. कसं वाचलं ते माझं मला माहीत. मग कार्डं आली. सतरातल्या अकरांवर तेच: मुलीनं केलं यात विशेष काय? मफलरवाल्या काकांनी तर उभं राहून सांगितलं की मुली करतातच हो, त्यात बघायचं काय, हेच मुलानं केलं तर नाटक होईल. हॉलभर माना डोलल्या. बायकांच्यासुद्धा! त्यातल्या निम्म्या घरी कुणाच्या तरी उशाशी औषधं मांडूनच आल्या असणार. दिग्दर्शक एकदम खुलला. मी भावाकडे बघितलं. तो खाली मान घालून लिहून घेत होता.

फोनवर त्याला विचारलं, हे तू बदलणार आहेस का? तो म्हणाला, ताई, ते पात्र आहे, तू थोडीच आहेस. शिवाय पुढच्या वाचनाला लोकांना भिडलं तरच कंपनी नाटक बसवणार, नाहीतर संहिता कपाटात. मी म्हटलं, तुझं तू बघ. फोन ठेवला आणि मग स्वतःचाच राग आला, की मेली भांडले का नाही!

महिन्याभरानं दुसरं वाचन. मुलगी लग्न करून लांब गेलेली, आता फोनवर ती. मुलगा नोकरी सोडून बापापाशी. बाकी काही म्हणजे काही बदललेलं नाही. 'मुलगा कोमट पाण्यात फडकं पिळतो, बापाची पाठ पुसतो, जखमेपाशी हात हलका करतो.' आणि हे वाचायचं कुणी, तर मी! वाचलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप चालते. किळस आली मला त्या जिभेची. समोर लोक नाकं शिंकरत होते. मफलरवाले काका जागे होते आणि चक्क रडत होते.

दुसऱ्या रांगेत आमची आई होती. भावानं मुद्दाम टॅक्सी करून आणली होती. कार्डं वाचून झाली, सगळीकडे वाहवा. मग दिग्दर्शकानं ही लेखकाची आई अशी ओळख करून दिली आणि तिच्या हातात माइक दिला. आईनं रुमालानं डोळे टिपले.

"माझ्या लेकानं बापाचं फार केलं हो," ती म्हणाली. "एवढं कुणी करत नाही."

ती त्याच घरात होती. पलीकडच्या खोलीत. मी धुतलेली फडकी घडी करून ठेवायची ती! टाळ्या पडल्या. मी भावाकडे बघत राहिले. म्हटलं, आता बोलेल. नियम गेला चुलीत, आता तरी बोलेल. तो वहीत डोकं घालून बसला होता. बरा सापडला होता त्याला नियम.

माझ्यासमोरचा माइक चालूच होता.

"मी पुसलं," मी म्हटलं. "पाठ मी पुसत होते. साडेचार वर्षं. हा दोनदा आला."

चारचौघांत असं बोलू नये, असं काहीतरी आई पुटपुटली आणि तिनं रुमाल पर्समध्ये ठेवला. मला मात्र मोकळं वाटत होतं. आता कुणाला तरी लाज वाटेल, असं मला खरंच वाटलं. तेवढ्यात मागून एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळेच वाजवायला लागले. मफलरवाले काका उठून म्हणाले की सापडला शेवट, बहिणीनं शेवटी येऊन हेच म्हणायचं. दिग्दर्शकानं तर मला हातच जोडले. म्हणाला, बाई, एकदा पुन्हा म्हणा, अगदी तसंच, सपाट.

भावानं वहीचं कोरं पान काढलं आणि झरझर लिहायला लागला. लिहिता लिहिता थांबला, मान वर केली, आणि दोन वाचनांत पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"ताई," तो म्हणाला, "साडेचार वर्षं ना? मी चारच लिहितो. ऐकायला बरं वाटतं."