हात धुतल्याचा पुरावा

मी एक जुना टॉवेल आहे, मित्रांनो. रंगाने पांढरा, काठाला निळी वेलबुट्टी. बारा खाटांच्या एका प्रसूतिगृहात, हात धुण्याच्या बेसिनशेजारी, एका पितळी खुंटीवर माझं सगळं आयुष्य गेलं. डावीकडे बाळंतिणींची खोली, उजवीकडे बाळंतपणाची. इकडून तिकडे जाणारा प्रत्येक हात माझ्यापाशी थांबून जायचा.

माझा जन्म गिरणीत झाला. माझं सूत दुहेरी पिळाचं आहे आणि दोन्ही बाजूंना बारीक बारीक फासे आहेत. साधं कापड पाणी नुसतं पसरवतं. टॉवेल ते पितो आणि धरून ठेवतो. गिरणीतल्या तपासणाऱ्या बाईंनी मला दोन्ही हातांनी ताणलं आणि म्हणाल्या, "हा दहा वर्षं मरत नाही." त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मेलं ते दुसरंच कुणी.

मला विकत आणलं प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टरांनी. काठावरची वेलबुट्टीही त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. शिकत असताना त्यांनी एका वर्षात नऊ बाळंतिणी तापाने गेलेल्या पाहिल्या होत्या. डॉक्टरांचे हात अस्वच्छ होते, एवढंच कारण. तेव्हापासून त्या हात धुण्याच्या बाबतीत कुणाचीही गय करत नसत. बेसिनवर त्यांनी पाटी लावली होती : 'आधी हात, मग बाळ.' कोपरापर्यंत साबण लावायचा आणि तीस अंक मोजायचे, असा नियम होता. माघारी सगळ्याजणी त्यांना साबणबाई म्हणत.

पण दिवसभर बेसिनपाशी उभं राहणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून मोठ्या सिस्टरांनी एक युक्ती काढली होती. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्या येत आणि माझं टोक मुठीत दाबून बघत. मी ओला असलो की सगळ्यांनी हात धुतले. कोरडा असलो की कुणीतरी टाळाटाळ केली. मग सगळ्यांना ओळीत उभं करून बोलणी. "माणसं खोटं बोलतात, टॉवेल बोलत नाही," असं त्या म्हणत.

मला याचा फार अभिमान होता. पाहुणे डॉक्टर आले की मला दाखवलं जायचं. दर सोमवारी मला उकळत, नीळ देत, खळ घालत. सोमवारी सकाळी मी असा काही कडक आणि शुभ्र असायचो की मला हात लावायला नवख्या मुली बिचकत. शनिवारपर्यंत मात्र माझा मधला भाग बुळबुळीत व्हायचा. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ओलेपणा हीच तर माझी शोभा होती.

मला तेव्हा जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगतो. साबणाने रोगाचे जंतू सुटे होतात आणि पाण्याबरोबर बरेचसे वाहून जातात. सगळे जातातच असं नाही. नखाच्या कडेला, जखमेच्या तोंडाशी काही उरतात, आणि ओला हात पुसला की ते पुसणाऱ्या कापडात उतरतात. कापड उन्हात कडकडीत वाळलं तर त्यांचा टिकाव लागत नाही. पण माझ्या फाशांत कायम ओल होती, आणि खोली बाळांसाठी उबदार ठेवलेली होती. त्यांना आणखी काय हवं? मग पुढचा हात यायचा, तीस अंक मोजून धुतलेला, स्वच्छ. तो माझ्यापाशी यायचा आणि जंतू घेऊन जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी होतो.

हे पहिल्यांदा कळलं ते कपडे धुणाऱ्या आयाला. तिला सगळ्या मावशी म्हणत. चौदा वर्षं ती तिथे चादरी आणि दुपटी धूत होती. तिचं नाक तिखट होतं.

धाकट्या सिस्टरच्या बोटाला नखुर्डं झालं होतं. बोट सुजून लाल झालेलं, नखाच्या कडेला पू धरलेला.

"पट्टी बांधा हो त्याला, आणि बाळांना हात लावू नका," मावशी म्हणाली.

"पट्टी बांधली तर हात कसे धुवू? साबणबाई माझी चामडी लोळवतील."

त्याच आठवड्यात तीन बाळांच्या मानेवर पुळ्या उठल्या. मावशीने दोन आणि दोन चार केले. तिने भर दुपारी मला काढलं, बादलीत टाकलं आणि माझ्या जागी एक कोरडा टॉवेल टांगला. थोड्याच वेळात मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी टोक दाबलं.

"आज सकाळपासून हात कुणी धुतले आहेत?"

मावशी पुढे झाली.

"मी बदलला टॉवेल," मावशी म्हणाली. "तो ओलाचिंब होता, सिस्टर. वास मारत होता."

"पाण्याला वास असतो का?"

"पाण्याला नसतो. पण दहाजणींचे हात एकाच फडक्याला. म्हणजे जिची घाण तिने धुवायची आणि दुसरीची पुसून घ्यायची."

धाकटी सिस्टर हसली. "ऐकलंत? मावशी डॉक्टर झाल्या. उद्यापासून आपण दुपटी धुवू, त्या बाळंतपणं करतील."

"किती शिकलात, मावशी?" मोठ्या सिस्टरांनी शांतपणे विचारलं.

"चौथी."

"मी तेवीस वर्षं हात धुतेय. तो टॉवेल पिळा आणि परत टांगा."

मावशीने मला पिळलं आणि परत टांगलं. ही माझी प्रतिष्ठा होती, मित्रांनो, आणि मला त्या दिवशी बरं वाटलं.

मावशीला एकच लेक होती. लहानपणी शाळा सुटली की ती इथेच येऊन बसायची, म्हणून सगळ्या तिला भाची म्हणत. ती पहिलटकरीण होती. त्याच आठवड्यात, दिवस भरत आले असताना, ती तपासायला आली, तेव्हा माझ्यासमोरच मायलेकींचं बोलणं झालं.

"तू मोठ्या हॉस्पिटलात नाव घाल," मावशी म्हणाली.

"ते चार तासांवर आहे, आई. इथे मला सगळ्याजणी ओळखतात."

"ओळखतात म्हणूनच सांगतेय. इथला टॉवेल बरा नाही."

लेक पोटाला हात लावून हसत सुटली. "टॉवेलासाठी एवढा प्रवास करू? या पोटाने? उद्या म्हणशील उशी टोचते म्हणून परगावी जा."

मावशीने विषय सोडला. लेकीचं हसणं तिला मोडवलं नसावं.

पण ती गप्पही बसली नाही. तिने घरची एक जुनी मऊ चादर फाडून तळहाताएवढे तुकडे केले, उकळले, कडक उन्हात वाळवले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा ती डबा घेऊन बेसिनपाशी उभी राहिली. हात धुणाऱ्या प्रत्येकीपुढे एकेक तुकडा धरायची. वापरून झाला की तो वेगळ्या बादलीत. "घ्या ना, घरचाच आहे, उकळलेला आहे," असं भीक मागितल्यासारखं म्हणायची. कुणी हसून घेतला, कुणी कंटाळून घेतला. पण घेतला. मुलगी झाली. तीन टाके पडले, आणि दोन दिवस ते टाके छान कोरडे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुकडे संपत आले, म्हणून मावशी वापरलेले तुकडे उकळायला मागच्या मोरीत पाणी तापवायला गेली. दोन दिवस रजेवर असलेल्या मोठ्या सिस्टर तेवढ्यात आल्या. त्यांनी माझं टोक दाबलं. मी कोरडा होतो. दोन दिवस मला कुणी हातच लावला नव्हता.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "माझ्यासमोर धुवायचे, माझ्यासमोर पुसायचे. एकेकीने."

पहिली आली धाकटी सिस्टर. तिने तीस अंक मोजले. तिचं नखुर्डं त्याच सकाळी फुटलं होतं. तिने बोट माझ्यात दाबलं आणि ठणका लागला म्हणून क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग बाकीच्या. शेवटी मोठ्या सिस्टरांनी स्वतः हात धुतले, अगदी कोपरापर्यंत, आणि माझ्याच मधल्या भागाला पुसले. तिथून त्या सरळ भाचीच्या खाटेपाशी टाके बघायला गेल्या. हातमोजे त्या फक्त बाळंतपणाच्या वेळी घालत. स्वच्छ धुतलेल्या हाताला मोजा कशाला, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीला थंडी वाजून ताप भरला.

"डॉक्टरीणबाईंना बोलवा," मावशी म्हणाली.

"दूध उतरताना ताप येतोच. बाकीच्यांच्या वेळी तुम्हीच हे सांगता ना? आज स्वतःची लेक आहे म्हणून हातपाय गाळू नका."

"त्या बाकीच्यांच्या टाक्यांना वास येत नव्हता, सिस्टर."

"तुम्हाला सगळीकडे वासच येतो."

त्यात एक दिवस गेला. पुढच्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, पांघरूण वर केलं, आणि लगेच गाडी मागवायला निघाल्या. गाडीत एकालाच जागा होती. जावई बसला. बाळाला कुणीतरी हवं म्हणून मावशी मागे राहिली. स्ट्रेचर माझ्यासमोरून गेलं तेव्हा भाचीचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, तू ये ना."

"मागून येते, बाळा. तू हो पुढे."

मावशीला जायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत निरोप आला.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. गाडी गेली त्या दुपारी मावशीने बाळाला निजवलं, मला खुंटीवरून काढलं आणि मोरीत नेऊन उकळत्या पाण्यात टाकलं. वार सोमवार नव्हता. आज तिला कुणी अडवलं नाही. काठीने मला दाबून दाबून तिने चांगलं तासभर उकळलं आणि उन्हात टाकलं. त्या वेळी आणखी पाचजणी खाटांवर होत्या. निदान त्या वाचाव्यात, असं तिच्या मनात असणार. माझ्यातला एकही जंतू उरला नाही. मग मला परत टांगलं, आणि निरोप आल्यावर तपासणीचा निकाल लागेपर्यंत मला कुणी वापरायचं नाही असं ठरलं.

निरोपानंतर चौथ्या दिवशी तपासणीस आले. त्यांनी काडीला कापूस लावून बेसिन पुसलं, खाटा पुसल्या, मला पुसलं. मोरीच्या कोपऱ्यात एक बादली होती. मावशीचे वापरलेले तुकडे उकळायचे राहून गेले होते, आणि धांदलीत कुणीतरी त्यांच्यावरच फरशीचं पोतेरं पिळलं होतं. तपासणिसांनी त्या बादलीतही काडी बुडवली.

निकाल आला. टॉवेल निर्दोष. बादलीतल्या फडक्यांवर जंतू.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ते मी खुंटीवरून पाहिलं. 'आयाने घरच्या चिंध्या आणून वापरायला लावल्या,' असं कागदावर आलं. मोठ्या सिस्टर खोटं लिहीत नव्हत्या. त्यांचा त्यावर विश्वास बसला होता, आणि ते खोट्याहून वाईट होतं. डब्यात उरलेले स्वच्छ तुकडे मागच्या अंगणात जाळले. मावशीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"तुम्हाला मुद्दाम करायचं नव्हतं हे मला कळतं," मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण मी सांगितलं होतं, मावशी."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. मला तिच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. माझ्याकडे बोट दाखवलेलं. ती एवढंच म्हणाली, "बाळ द्या माझं."

"आधी हात धुवा."

मावशी बेसिनपाशी आली. तिने नळ सोडला, साबण घेतला, कोपरापर्यंत लावला. अंक मोजले नाहीत, पण तीसपेक्षा जास्तच झाले. मग तिने नळ कोपराने बंद केला. मी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो, उकळलेला, कोरडा. ती माझ्याकडे वळली नाही. दोन्ही हात छातीसमोर वर धरून ती नुसती उभी राहिली. पाणी कोपरांवरून फरशीवर ठिबकत होतं.

"पुसा की, मावशी," धाकटी सिस्टर म्हणाली. "बाळ रडतंय."

मावशी हलली नाही. बाळाचं रडणं टिपेला गेलं. कुणीतरी कुजबुजलं की बाईचं डोकं फिरलं. ती एकेका बोटाकडे पाहत होती. वाळलं, हे वाळलं, हे अजून नाही. सगळी बोटं वाळली तेव्हा तिने हात पुढे केले आणि नातीला घेतलं. मागे न बघता ती गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात बेसिनशेजारी माझा एखादा भाऊबंद टांगलेला असेल. दिसायला पांढरा असेल, काठाला वेलबुट्टीही असेल. त्याला हात लावून बघा. ओला असेल तर काढा, उकळा, उन्हात टाका, आणि प्रत्येकाला वेगळं कोरडं कापड द्या. हाताला जखम असेल तर ती झाका, आणि लहान बाळापासून, आजारी माणसापासून दूर राहा. दुसरं कापड मिळत नसेल तर हात हवेत वाळेपर्यंत थांबा. लोक हसतील. मी मोजलं होतं, मावशी तिथे चार मिनिटं उभी होती. तेवढंच लागतं.