डाव्या हाताचा विडा

मी लालबागच्या चाळीतला एक अडकित्ता. दौलतच्या पानाच्या डब्यात राहतो. डब्याचं झाकण नीट बसत नाही, त्यामुळे खोलीतलं सगळं मला दिसतं नि ऐकू येतं. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणतात. पण हे तर माझंच घर!

सावंतवाडीच्या एका लोहाराने मला घडवलं. दौलत गिरणीत लागला आणि पहिल्या रजेत मला घेऊन आला. त्याच्या उजव्या हाताने कातरलेली सुपारी जुईच्या पाकळीसारखी पातळ असायची.

मग शिमग्याच्या सुमाराला त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं, जीभ जड, हात लोंबता. इस्पितळातून घरी आणलं आणि जो तो त्याची मापं काढू लागला. डॉक्टर म्हणाले, माझी बोटं दाबा. शेजारची शांता म्हणे, "भावोजी, चिमटीत तांदूळ धरून दाखवा बघू." गिरणीतला सोबती कोंडीराम मोर्च्यातून घसा बसवून यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "दौलत, मूठ वर! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." मूठ काही वर जायची नाही. मग उरलेली घोषणा तो आपल्याशीच पुटपुटत निघून जायचा.

मला मात्र संशय होता तो दौलतचाच. त्याची बायको सुभद्रा खानावळ चालवते. ती घास भरवायची तेव्हा हा अगदी लोळागोळा. ती नळावर गेली, की डब्याचं झाकण उघडायचं! माझी एक दांडी हा निर्जीव उजव्या मांडीखाली दाबायचा. मांडीखाली! पानाच्या डब्यातल्या मानाच्या वस्तूला! आणि दुसरी डाव्या हाताने रेटायचा. आधी सुपारी टुणकन कोपऱ्यात उडायची. मग फुटायला लागली. मग पातळही पडायला लागली. बाहेर पावलं वाजली की मी डब्यात नि सुपारी तोंडात.

एवढं जमतं तर लपवतो कशाला? सोंग, दुसरं काय! आयतं खायची चटक लागली असणार.

एक दिवस थोरला भाऊ लवू गावाहून आला. "हय बायको खानावळ बघतली की तुका भरवतली? गावाक चल."

"नको, दादा," दौलत कसाबसा म्हणाला.

"तुमची मुंबय तुमका मिळात तेव्हा मिळात. आधी माझो हात दाब. दाबलंस तर हय रव."

सुभद्रा चुलीपाशी थांबली. खानावळ सोडून तिला जाता येणार नव्हतं. हा गावी, ती इथे, असंच होणार होतं.

दौलतच्या कपाळावर घाम आला. उजवी बोटं हलली नाहीत. लवू उठून दौलतची वळकटी बांधायला लागला.

तेव्हा दौलतने सगळ्यांसमोर मला ओढलं, मांडीखाली घातलं आणि डाव्या हाताने सुपारी कातरली. पानाला चुना लावला, विडा दुमडला, तोंडात धरून घडी पक्की करणार होता, पण थबकला. भावाला उष्टं कसं द्यायचं? तसाच सैल विडा त्याने पुढे केला.

"डाव्या हातान?" लवू म्हणाला.

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. डाव्या हाताने द्यायचं नाही, जेवायचं नाही. म्हणून सगळ्यांनी उजवाच तपासला, आणि ह्याने डावा लपवला. लाज, हो! नुसती लाज!

"भावोजी," सुभद्रा पदर सावरत म्हणाली, "आमका आता ह्योच हात."

लवूने आपला डावा हात पुढे केला आणि विडा घेतला. वळकटी पुन्हा कोपऱ्यात गेली.

आता दौलत डाव्या हाताने जेवतो. कोंडीरामच्या घोषणेला डावी मूठ वर करतो. माझा खिळा सैल झालाय, दांडी मांडीखाली घासून गुळगुळीत झालीय. चालायचंच.

पण संशयी स्वभाव जात नाही. हल्ली तो उजवा हात माझ्या खालच्या दांडीवर नुसता ठेवतो. परवा ती दांडी मला किंचित दाबल्यासारखी वाटली. भास असेल, नसेलही.

तुम्ही मात्र कुणाला बोलू नका, बरं का. लगेच येतील सगळे मापं काढायला.