भिंतीपलीकडचा गोल

लेकीची फुटबॉलची फायनल होती आणि आईचा पाय नेमका प्लास्टरमध्ये. लेकीच्या लहानपणापासून प्रत्येक मॅचला मैदानाच्या कडेला उभी राहणारी बाई आज सोफ्यावर, पाय स्टुलावर टाकून बसली होती. थोरल्याने महिन्यापूर्वीच गच्चीवरचा ॲन्टेना काढून टाकला होता. "जुनाट झालाय तो, आई. आता सगळं इंटरनेटवर," म्हणाला होता.

पहिल्या हाफमध्ये शेजारच्या घरात एकदम जल्लोष झाला. आईच्या टीव्हीवर मात्र बॉल अजून मैदानाच्या मध्यावरच होता. मग सावकाश गोल झाला.

"हे काय रे? आपण शिळं बघतोय का?" आईने शेजारी बसलेल्या थोरल्याला विचारलं.

"शिळं कसलं, अर्ध्या मिनिटाचा फरक! त्यांचं ॲन्टेनावर थेट हवेतून येतं. आपल्याकडे चित्राचे तुकडे करतात, ते दाबून लहान करतात, मग सर्व्हरवरून पाठवतात. मध्ये अडकू नये म्हणून टीव्ही चार तुकडे साठवतो आणि मगच दाखवायला लागतो."

"कुणी सांगितलं होतं साठवायला?" आई करवादली.

मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टीवर गेली. शेवटची पेनल्टी लेकीची. टीव्हीवर ती बॉल उचलून चालत येत होती. आईने आवाज मोठा केला, तरी भिंतीपलीकडून "अरेरेरे!" ऐकू आलंच. मागोमाग कुणीतरी खो खो हसलं.

पडद्यावर लेक अजून बॉल ठेवत होती, केस कानामागे सारत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. आईला सगळं कळून चुकलं होतं. लेकीने पळायला सुरुवात केली आणि आईने टीव्ही बंद केला.

"अगं, आई!"

"गप्प बस."

थोड्या वेळाने फोन वाजला. लेकीचा आवाज रडून बसला होता. "आई, बघितलंस?"

"बघितलं गं. तू छानच मारलास. त्या गोलकीपरनेच कमाल केली, त्याला तू काय करणार?"



"गोलकीपर हललीसुद्धा नाही, आई. माझा पाय घसरला. मी आपटले तिथे, सगळ्यांसमोर. बॉल नुसता घरंगळला."

आईने बंद टीव्हीकडे पाहिलं.

"सगळं स्टेडियम हसत होतं. मला वाटलं, निदान तू तरी..." लेक थांबली. "बघितलं नव्हतंस तर तसं सांगायचंस. खोटं कशाला?"

"अगं, इथे ते शेजारचे आधी—"

फोन कट झाला होता. आईने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग तो बंदच लागायला लागला.

थोरला दारात उभा होता. "रिप्ले लावू?" त्याने चाचरत विचारलं.

"लाव," आई म्हणाली.

लेक धावत आली आणि पडली. मग दुसऱ्या कॅमेऱ्यातून पडली. मग अगदी सावकाश. थोरल्याने रिमोटकडे हात नेला, तर आईने तो झटकून टाकला.