१९०० सालचा फेब्रुवारी

"तुम्ही माझा प्रोग्रॅम वाचलाच नाहीत आणि शून्य देऊन मोकळे झालात. तुम्ही खोटारडे आहात."

भाचीनं तक्रारअर्जाचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. मावशी पाठमोरी, दुधाकडे बघत उभी होती.

"खोटारडे काढ. नम्र विनंती लिही."

"विनंती कसली? भीक मागतेय का मी?"

मावशी शिकवायची त्याच कॉलेजात, तिच्याच घरी राहून भाची शिकत होती. साल दिलं की ते लीप वर्ष आहे का हे सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. तपासणार यंत्र. त्याला उत्तरं आणि गुणांचे निकष आधी कुणीतरी भरून द्यायचे. कुणी, ते गुप्त. १९०० साल लीप नव्हतं, कारण शंभरानं भाग जाणाऱ्या सालांना वेगळा नियम असतो. भाचीनं तो पाळला. यंत्राच्या उत्तरात मात्र १९०० लीप होतं, आणि एक उत्तर चुकलं की सगळ्यावर शून्य. नुसतं चारनं भागून हात झटकणारे आरामात पास झाले. भाचीचं वर्ष बुडणार होतं.

अर्ज गेला आणि रीतीप्रमाणे निकष बनवणाऱ्याकडेच आला. म्हणजे मावशीकडे.

तिनं आपली उत्तरं उघडली. चारनं भागून सगळ्यांत आधी हात झटकले होते ते तिनंच.

ती विभागप्रमुख साहेबांकडे गेली. त्यांनी चहा मागवला. तिला नोकरीत कायम करायची फाईल याच आठवड्यात वर जाणार, त्यात निकष चुकल्याचा बोभाटा कशाला, असं प्रेमानं विचारलं. पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी निघेल, असंही म्हणाले. चहा संपेपर्यंत मावशी मान डोलवत होती.

जागेवर येऊन तिनं टाईप केलं: निकष तपासले. त्रुटी नाही. अर्ज नामंजूर.

संध्याकाळी भाचीनं ते उत्तर फोनवर दाखवलं. रडली नाही. ताट घेऊन समोर बसली, पण जेवली नाही.

"मावशी, शंभराचा नियम मला तूच शिकवलास. मी शाळेत होते. जुनी कॅलेंडरं पसरून बसलो होतो आपण, आठवतं?"

मावशी गॅस बंद करायला उठली. गॅस बंदच होता.

"इकडे बघ ना. तो नियम खरा की खोटा? तेवढं सांग मला."

मावशीनं ओटा पुसायला घेतला.

"सांग ना. १९०० साली फेब्रुवारी किती दिवसांचा होता?"