आठशे ऐंशी पायऱ्या

चिठ्ठी पहिल्या मजल्यावर, फ्राऊ ह्यूबनर या शेजारणीच्या दारालगत चिकटवलेली होती. जिन्यात व्यायाम करू नये, दुपारी एक ते तीन शांतता पाळावी, असं तीत जर्मनमध्ये आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. सुलेखाने ती दोनदा वाचली. घड्याळात दीड वाजला होता. तिने वाकून बूट काढले, एका हातात घेतले, दुसऱ्या हाताने कठडा धरला आणि मोज्यांनीच दुसऱ्या मजल्याकडे निघाली. चढू नये असं काही चिठ्ठीत म्हटलेलं नव्हतं. आवाज नको होता, तो तिने बंद केला.

एका मजल्याला अठरा पायऱ्या, आठव्या मजल्यापर्यंत एकशे चव्वेचाळीस. वर पोचलं की लिफ्टने खाली यायचं आणि पुन्हा सुरुवात. अशा सहा फेऱ्या झाल्या की आठशे चौसष्ट, आणि सातव्या फेरीत फक्त सोळा. त्या सोळाव्या पायरीवर, पहिला मजला दोनच पायऱ्यांवर राहिलेला असताना, ती थांबून डोळे मिटायची आणि हात जोडायची. फ्राऊ ह्यूबनरनी एकदा दार उघडून हे पाहिलं होतं. चिठ्ठी त्यानंतरची.

घरी देवदत्त टेबलाशी फोन घेऊन बसला होता.

"तिथे आता रोपवे झालाय," बायको आत आल्याआल्या त्याने सांगितलं. "चार मिनिटांत वर."

"मी पायी येईन म्हटलं होतं."

"तेव्हा रोपवे नव्हता म्हणून म्हटलंस."

"मग आता देवीला काय सांगू? सोय झाली म्हणून?"

देवदत्तने फोन उलटा ठेवला. सतरा वर्षांपूर्वी तो कंपनीच्या कामासाठी पूर्व चीनमध्ये होता आणि सुलेखा त्याच्याबरोबर. एका रविवारी ऑफिसातल्या बायकांनी तिला जवळच्या डोंगरावरच्या जुन्या देवळात नेलं. वर सात मजली पॅगोडा, शेजारी देऊळ, देवळात हातात छोटा कलश घेतलेली पांढऱ्या दगडाची देवी. बोलायला भाषा नव्हती म्हणून सुलेखाने वर जाईपर्यंत पायऱ्या मोजल्या. आठशे ऐंशी भरल्या. त्याच्या चार महिने आधी तिचं दुसरं बाळ पोटातच गेलं होतं. देवीसमोर उभं राहिल्यावर ती काय बोलणार आहे हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. एक मूल दे, पायी चढून येईन, मूल तुझ्या पायावर घालीन, तुझी ओटी भरीन, असं ती बोलून गेली. वर्षाच्या आत उर्जा झाली.

मग मुलगी लहान म्हणून राहिलं. मग जर्मनीत एर्लांगेनची नोकरी आली, घर लावणं आलं, मुलीची शाळा आली, सासूबाईंचं आजारपण आलं, करोना आला. ओटीसाठी घेतलेला हिरवा खण तीन घरं बदलून तिच्या कपाटात घडीचा तसाच पडून होता. आणि या हिवाळ्यात गुडघ्याने मान टाकली. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं. हॉस्पिटलने दोनदा टेर्मिन, म्हणजे तारीख, दिली, दोनदा सुलेखाने ती परत केली. ऑपरेशननंतर पाय कसा राहील याचा भरवसा कुणी देईना, आणि आधी नवस, मग सुरी, हे तिच्यापुरतं ठरलेलं होतं. हॉस्पिटलचा फॉर्म तिने सहीशिवाय त्या खणाखाली सारून दिला.

जूनमधल्या शाळेच्या सुट्टीत देवदत्तला तिकडे काम निघालं. तिघांची तिकिटं काढली. सुलेखाचा पासपोर्ट अजून भारतीय, तिचा व्हिसाही आला. राहता राहिली उर्जा. नेमक्या त्याच दिवसांत गावातली बर्गची, म्हणजे टेकडीवरची, जत्रा होती. सोळा पूर्ण झाल्यामुळे तिथल्या कायद्याने तिला या वर्षी पहिल्यांदाच मैत्रिणींबरोबर तिथे उघडपणे बिअर घेता येणार होती. घरचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं.

"इश बिन डोख काईन पाकेट!" कुणाच्या पायावर घालायला मी काय पार्सल आहे, असं विचारून तिने दार लावून घेतलं.

निघायला दोन दिवस असताना पाचव्या फेरीत, सहाव्या मजल्याच्या वळणावर, सुलेखाचा गुडघा अडकला. वाकेना की सरळ होईना. ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली आणि तिला दुखण्यापेक्षा रागच जास्त आला. इतकी वर्षं थांबलेल्या गुडघ्याला आणखी दहा दिवस थांबता आलं नसतं का?

विमान नाही, जिने तर मुळीच नाहीत, असं डॉक्टर म्हणाला. देवदत्तने घरी येऊन लॅपटॉप उघडला.

"रद्द करतो सगळं."

"माझं एकटीचं कर. उर्जा जाईल."

"नाईन, आई," उर्जा फ्रीजपाशी उभी होती, तिथूनच नाही म्हणाली.

सुलेखाने पाय खुर्चीवर लांब करून ठेवला होता. त्यावर बर्फाची पिशवी होती. तिने पिशवी सारखी केली.

"बस इथे," ती म्हणाली. "तुझ्याआधी दोन होती, उर्जा. एक तिसऱ्या महिन्यात गेलं, एक पाचव्या. तुला कधी सांगितलं नाही. मला सांगताच यायचं नाही. त्या डोंगरावर मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि तिला मराठी येत होतं की नाही देव जाणे. पण तू झालीस. मी शब्द दिलाय गं. तो माझा शब्द आहे, तुझा नाही, हे कळतं मला. तरी जा."

उर्जाने फ्रीजचं दार हळूच लावलं. त्यांची नावं ठेवली होती का, असं तिने जर्मनमधून विचारलं.

"नाही."

मग विमान किती वाजताचं आहे, असं विचारून ती बॅग भरायला गेली.

सुलेखाने तिच्या बॅगेत खण ठेवला, हळदीकुंकवाच्या पुड्या ठेवल्या. तांदूळ तिथलेच घ्या, असं बजावलं. चीनमध्ये तांदळाला काय तोटा.

शनिवारी सकाळी नऊला फोन वाजला. तिकडे दुपारचे तीन वाजले होते. पडद्यावर उर्जाचं कपाळ, त्यामागे दगडी पायऱ्या आणि बांबूची झाडं दिसली. देवदत्त ओटीचं सामान घेऊन रोपवेने वर पोचलासुद्धा होता.

"मोजत चढ," सुलेखा म्हणाली. "हळू. घाई करू नकोस."

"जा, जा." उर्जा जर्मनमधलं हो, हो म्हणाली.

सुलेखाने फोन चेहऱ्याजवळ धरला होता, मागे फक्त भिंत दिसेल असा. दुसऱ्या हातात काठी होती. मुलगी पायावर घालायची तर मुलगी तिथे होती. पण पायी चढून येईन असंही ती बोलली होती, आणि ते दुसऱ्या कुणाच्या पायांनी कसं फिटणार? तिने चांगला पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला आणि दुखरा त्याच्याशेजारी आणला. एक. पुन्हा चांगला पाय, पुन्हा दुखरा. दोन. डॉक्टरला काय सांगायचं ते नंतर बघता आलं असतं.

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. मधे उर्जाने तिला एक म्हातारी दाखवली, एक मांजर दाखवलं, लांबवर पॅगोड्याचं टोक दाखवलं. सुलेखा हं, हं करत होती. गुडघ्यात कुणीतरी तापलेली सुई फिरवत होतं. तिसऱ्या फेरीनंतर ती लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा उर्जाच्या कपाळावर आठी होती.

"आई, तू सारखी गायब का होतेस?" हे तिने जर्मनमधून विचारलं. दर थोड्या वेळाने चित्र गोठतं, मग परत येतं, आणि परत येतं तेव्हा तू धापा टाकत असतेस.

"नेटवर्क."

"घरात बसून धापा?"

सुलेखाने कपाळावरचा घाम पुसायला फोन जरासा हलवला. तेवढ्यात मागच्या पत्रपेट्यांची रांग पडद्यावर दिसून गेली.

"दास इस्ट डोख उन्झर ट्रेपेनहाउस!" उर्जा ओरडली. तिच्या बाजूने उतरणारे दोघे दचकून थांबले. "आई! तू आपल्या जिन्यात आहेस! सेत्स डिश! बस खाली! नाही तर मी परत जाते. आत्ता उतरते."

"तू उतरलीस तर मला पुन्हा पहिल्यापासून चढावं लागेल."

उर्जा रडवेली झाली होती, आणि तेवढीच चिडलीही होती. हा हट्ट तिने कुठून आणला ते सुलेखाला वेगळं शोधावं लागलं नाही.

"लांगझाम," उर्जा शेवटी म्हणाली. हळू. दर वीस पायऱ्यांना थांबायचं. मी पण थांबेन.

आणि ती थांबत गेली. बांबूच्या सावलीत ती उभी राहायची, इकडे सुलेखा कठड्याला टेकायची. उर्जा वाइटर म्हणायची की दोघी पुढे निघायच्या. चौथी फेरी अशी झाली. पाचवीत सुलेखाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दुखण्याचं होतं. सहावीत येत होतं ते कसलं होतं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. आठव्या मजल्यावर ती लिफ्टमध्ये शिरली, शेवटचं खाली आली आणि उरलेल्या सोळा पायऱ्यांना लागली.

पंधरा. सोळा. तिने काठी भिंतीला टेकवली आणि तिथेच खाली बसली.

वर पहिल्या मजल्यावर दार उघडलं. फ्राऊ ह्यूबनर ॲप्रन लावून उभ्या होत्या. त्यांनी सुलेखाकडे पाहिलं, तिच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. सुलेखाला वाटलं, आता दुसरी चिठ्ठी. पण फ्राऊ ह्यूबनर स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आल्या, ती दाराबाहेर ठेवली आणि बिटे, बसा ना, असं म्हणून बाजूला उभ्या राहिल्या.

"मी पोचले," फोनमधून उर्जा जर्मनमध्ये म्हणाली. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती, मागे पॅगोडा आभाळात गेला होता. "पण आई, आठशे ऐंशी नाहीत. आख्टहुंडर्ट त्स्वाय उंट आख्टसिश. आठशे ब्याऐंशी आहेत."

"नीट मोजल्यास?"

"नीट."

सुलेखाने कठडा धरला. फ्राऊ ह्यूबनरनी हात पुढे केला, तो तिने मानेनेच नको म्हटला. चांगला पाय, दुखरा पाय. चांगला पाय, दुखरा पाय. मग ती खुर्चीत बसली.

देवदत्तने फोन हातात घेतला. देवी तीच होती, फक्त पांढऱ्या दगडाला आता कुणीतरी सोनेरी रंग दिला होता. हातात कलश होता. उर्जाने खण उलगडला, त्यावर तांदूळ घातले, हळदकुंकू वाहिलं. नारळ काही मिळाला नव्हता, त्याऐवजी देवदत्तने डोक्याएवढं पपनस आणलं होतं.

"चालेल," सुलेखा म्हणाली.

देवळातली एक म्हातारी संन्यासिनी जवळ आली. तिने खणाच्या काठावरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि सगळं उचलून देवीच्या अगदी पायाशी ठेवलं. उर्जा गुडघे टेकून वाकली आणि तिने कपाळ जमिनीला लावलं. सुलेखाने खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. सतरा वर्षांचं ओझं उतरलं तेव्हा तिला फार काही वाटलं नाही, फक्त पाणी प्यावंसं वाटलं.

उर्जा मात्र उठेना. तिचे ओठ हलत होते. उठून तिने बापाच्या हातून फोन घेतला तेव्हा कपाळाला कुंकवाचा डाग लागला होता.

"इतका वेळ काय पुटपुटत होतीस?"

उर्जा मराठीत बोलायला लागली. एकेक शब्द जुळवून ती बोलत होती.

"मी तिला सांगितलं. तुझं ऑपरेशन नीट होऊ दे. गुडघा नीट झाला, की मी तुला घेऊन येईन. पायी. रोपवेने नाही."

सुलेखा खुर्चीत ताठ झाली.

"अगं, असं कुणी बोलून बसतं का? काही कळतं का तुला? एकदा बोललं की फेडावं लागतं!"

"जा," उर्जा म्हणाली. "गेनाऊ." हो, अगदी तेच.

लिफ्टने आठव्या मजल्यावरच्या घरी येऊन सुलेखा आधी कपाटापाशी गेली. खण होता ती जागा रिकामी होती. खाली हॉस्पिटलचा फॉर्म तसाच घडीत पडला होता. तो घेऊन ती टेबलाशी बसली, दुखरा पाय खुर्चीवर ठेवला आणि फॉर्म शेवटपर्यंत वाचला. सही करायची होती तिथे सही केली. तिच्या वरती डॉक्टरांना काही विचारायचं असल्यास, म्हणून चार ओळींची जागा सोडलेली होती. तिथे तिने जपून जपून, व्याकरण सांभाळत, जर्मनमध्ये लिहिलं: ऑपरेशननंतर किती महिन्यांनी मला ८८० पायऱ्या चढता येतील?

मग तिने आकडा खोडला आणि वर ८८२ लिहिलं.